कोरड्या दिवसातली गळती

“पाणी कुठून येतं ते नंतर बघ, कधी येतं ते आधी बघ,” तिचे प्लंबर वडील म्हणायचे.

सेकंडहँड घेतलेल्या मोटरहोमची, त्या राहायची सोय असलेल्या गाडीची, खिडकीखालची फळी आज पुन्हा ओली होती, आणि आभाळ तर कोरडं ठणठणीत. नवरा गाडी विकणाऱ्याच्या नावानं खडे फोडत फटी बुजवायचं सीलंट आणायला गेला.

“म्हटलं नव्हतं? जुनी गाडी म्हणजे विकतचं दुखणं,” सासूबाई म्हणाल्या. “राहू दे आता ते फिरणं.”

तिनं पाहिलं, त्यांची बाही कोपरापर्यंत भिजली होती.

“आई, झाडांची झारी कुठंय?”

सासूबाईंनी मान खाली घातली. “तुम्ही दोघं गेलात की मला कोण गं इथं?”

“तुम्हाला टाकून नाही जाणार.”

ती टेप घेऊन गाडीत शिरली आणि तिसऱ्या बिछान्यापुरती जागा मोजू लागली.