विहिरीवरचं नाव

"आबा, आठवडाभर वापरा आणि खरं काय ते सांगा," म्हणत मृण्मयीने स्वस्तातला टॅब्लेट आजोबांच्या हाती दिला. नव्या वस्तू पारखून त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात लिहिणं हे तिचं काम. आबा मोडी लिपीचे जाणकार. पण नजर अधू झाल्यापासून त्यांनी वाचन सोडलं होतं.

दोन दिवस आबा कुरकुरत राहिले. टॅब्लेट अडखळत चालायचा, आवाज चिरका यायचा. मग तिने त्यात त्यांच्याच संग्रहातल्या जुन्या कागदांचे फोटो घातले. आबा दोन बोटांनी अक्षरं मोठी करत गेले, तरी ती जराही पुसट होईनात. "संथ आहे गं, पण अक्षर लख्ख दाखवतो. असंच लिही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते पडलेल्या चेहऱ्याने बसले होते.

"गावच्या विहिरीचा हा कागद. बांधणाऱ्याचं नाव मी भागोजी वाचलं आणि माझ्या शब्दावर पंचायतीने पाटी लावली. ते भागाई आहे. बाईने बांधली विहीर."

"वीस वर्षं झाली, आबा. आता कोण विचारतंय?"

"तिला तेव्हाही कुणी विचारलं नाही."

त्यांनी स्वतःच सरपंचबाईंना फोन लावून चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "सर, जुनी पाटी आजच उतरवते. नवं नाव मात्र तुमच्याच हाताने लिहायला या, मोडीतही."

"येतो," आबा म्हणाले. फोन ठेवून ते सरावासाठी लेखणी शोधू लागले.