नारिंगी दिवा

"तुम्हीच तोडलंत ते. काल दुपारपर्यंत चालत होतं. तुम्ही हात लावलात आणि तोडलंत."

कुमुदताई फोनवर ओरडत होत्या. पलीकडच्या इंटरनेट कंपनीच्या मुलीचा आवाज मात्र तस्साच, साखरेत घोळलेला. राउटर बंद करून चालू करा, मॅडम.

"केला. सकाळपासून दुसरं काही केलेलं नाही. तुम्हांला तरी दुसरं काही येतं का?"

आतल्या खोलीत त्यांचे यजमान, बापू, निजून होते. त्यांच्या उशाशी एक पांढरी पेटी होती. बापूंच्या छातीत पेसमेकर. तो कसा चालतोय ते ही पेटी घरच्या वायफायवरून मुंबईच्या इस्पितळाला कळवायची. गेल्या आठवड्यात बापू विहिरीपाशी कोसळले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पेटीवरचा हिरवा दिवा जाऊ द्यायचा नाही. काल कंपनीने नवा राउटर बसवला. तेव्हापासून दिवा नारिंगी होता.

राउटर बसवणारा हर्षद पडवीतल्या कोनाड्यासमोर उकिडवा बसला होता. त्याने राउटरवरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं.

"काकू, ह्याला हळदकुंकू लावलंय तुम्ही. आत गेलं असंल."

"नवी वस्तू घरात आली की लावतो आम्ही. काल तुझ्यासमोरच लावलं. शहाळं पीत बसला होतास, तेव्हा नाही बोललास."

"मग खारी हवा असंल. समुद्र जवळ हाय ना."

"एका रात्रीत खारी हवा लागली? आणि जुन्याला इतकी वर्षं लागली नाही? कुठाय तो जुना? आण, लाव परत."

"जमा केला काकू. नवा दिला का जुना त्याच दिवशी जमा करायला लागतो. आमचा नियम हाय."

पुढची खोली भाड्याने घेऊन राहिलेली मृणाल लॅपटॉप हातात घेऊन दारात आली. "काकू, नेट काय भन्नाट झालंय! अख्खी मीटिंग एकदाही अडकली नाही." कुमुदताईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने दार लोटून घेतलं.

हर्षद मोबाइलवर राउटरच्या सेटिंग उघडून बसला. बराच वेळ अंगठा फिरवला, मग थांबला.

"काकू, बिघडलेलं काहीच न्हाय. ह्याला फक्त नव्या पद्धतीची यंत्रंच जोडतील असं ठेवलंय. तुमची पेटी जुन्या पद्धतीची. ती हाका मारतेय, हा ओ देत न्हाय."

"मग द्यायला लाव."

"कुलूप हाय त्या सेटिंगला. कंपनीनं वरनं घातलंय."

"कशाला?"

हर्षदने मृणालच्या बंद दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "जुनं एखादं जोडलं का बाकीच्यांचा वेग पडतो. मग तक्रारी येतात."

"कितीसा पडतो?"

"जरासा."

"जरासा," कुमुदताई म्हणाल्या.

"माझ्या मोबाइलचं नेट देऊ का पेटीला?" हर्षद बोलला आणि आपणच मोबाइल खिशात घातला. वाडीत मोबाइलला रेंज नव्हती. रेंजसाठी बंदरावर जावं लागे. हा घरचा फोन लागत होता, तोही त्या नव्या राउटरमधूनच.

कुमुदताईंनी रिसीव्हर पुन्हा तोंडाशी धरला. "ऐकलंत? तुमचाच माणूस सांगतोय. कुलूप काढा."

आता पलीकडे एक साहेब आला होता. त्याने शांतपणे काहीतरी समजावलं. कुमुदताईंचा चेहरा लाल होत गेला.

"सगळ्या ग्राहकांची सोय? आणि आम्ही कोण, फुकटे? काय म्हणालात? पुन्हा म्हणा. जुना डिव्हाइस बदलून घेऊ? अहो, त्या डिव्हाइसचा अर्धा भाग माझ्या नवऱ्याच्या छातीत आहे. वरून कातडं शिवलंय. कापायला येताय? या. घरात नारळाचा कोयता आहे, धार लावून ठेवते."

पलीकडून काहीतरी आलं.

"भाषा? माझ्या भाषेला काय झालं? जन्मभर शाळेत भाषाच शिकवलीय मी. तुम्ही तुमचं काम शिका."

"काकू, दमानं घ्या," हर्षद म्हणाला.

"तू गप बस. तुझं शहाळं मला परत हवंय."

आतून खोकल्याचा आवाज आला. बापू दाराची चौकट धरून उभे होते. त्यांना उठायची मनाई होती. धोतराचा सोगा जमिनीवर लोळत होता. हर्षद त्यांना धरायला धावला. त्याचा हात बाजूला करून बापू भिंतीच्या आधाराने फोनपर्यंत आले.

"दे इकडे."

"अहो, तुम्ही कशाला..."

"दे म्हणतो ना."

डाव्या बाजूला फोन न्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बापूंनी तो नीट बघून उजव्या कानाला लावला.

"नमस्कार. जुना डिव्हाइस बोलतोय."

हर्षदने मान खाली घातली.

"बंद करून चालू करा म्हणता ना तुम्ही? तेही झालंय. गेल्या आठवड्यात विहिरीवर बंद पडलो होतो. शेजारच्यांनी छाती दाबून चालू केलं. आता पुन्हा बंद पडलो, तर ते इस्पितळाला कोण कळवणार? तुम्ही? की ज्याने कुलूप घातलं तो? त्याचं नाव सांगा."

साहेबाने फोन होल्डवर टाकला. रिसीव्हरमधून बासरी वाजू लागली. बापू तिथेच उभे राहिले, रिसीव्हर कानाला, दुसरा हात भिंतीवर.

आतल्या अंधाऱ्या खोलीत नारिंगी दिवा तेवढा दिसत होता.

बापूंच्या पाठीला हात देऊन कुमुदताई रिसीव्हरवर ओणवून ओरडल्या,

"वाजवू नका. उत्तर द्या."