अकरा नंबरचा कंदील

"नियम पहिला," विजयाने ओसरीच्या पायरीवर उभं राहूनच सुरुवात केली.

साखर कारखान्याच्या वसाहतीत दिवाळीची नोटीस घरोघर वाचून सह्या घेण्याचं काम कमिटीने यंदा तिच्यावर सोपवलं होतं. दहावीतल्या मुलीवर! दहा घरं तिने शाळेतल्या भाषणासारखी खणखणीत वाचून काढली होती. हे अकरावं.

मनकर्णावहिनी कामट्यांवर लाल कागद चिकटवत होत्या. बोटं खळीने भरलेली. त्यांचे सासरे बन्सीबाबा भिंतीला टेकून सुतळी वळत होते.

दुष्काळाचं साल, म्हणून विजेची तोरणं बंद. घरटी एकच आकाशकंदील, आत पणती, नऊला विझवायची. वहिनी हसल्या. म्हणाल्या, कागद पेटला तर कमिटी पाणी कुठून आननार, ते लिव्हलंय का? विजयालाही हसू फुटलं. लाल कागद कशाला, तिने विचारलं. घरी येनाऱ्याला लांबून दिसतो, वहिनी म्हणाल्या. त्यांचा नवरा सहादेव गेल्या डिसेंबरातल्या लढाईत बेपत्ता झाला होता. तशी तार आली होती. त्यानंतर काहीच नाही.

"नियम चौथा. वर्षात दुःख झालेल्या घराने कंदील लावू नये. शेजाऱ्यांनी तिथे फराळ पोचवावा. अशी घरं, क्वार्टर नंबर चार आणि क्वार्टर नंबर अकरा."

तोंडातून गेलं आणि मग तिला कळलं. दहा घरांत तिने हेच वाचलं होतं. तिथे ते नुसते आकडे होते. आणि दहाही घरांत कुणी काही म्हटलं नव्हतं, माना डोलावून सह्या केल्या होत्या. आता तो आकडा समोरच्या चौकटीवर पांढऱ्या रंगात होता.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, कारकुनाची चूक झाली असंल. त्यांनी हात पुढे करून कागद घेतला. चौथ्या नियमात अकराच्या पुढे आधीच एक सही होती. वाकडी, जोर देऊन काढलेली.

"मामा, ही सही तुमची हाय?"

सुतळी वळणारा हात थांबला. "कमिटीनं इचारलं. वरीस व्हत आलं, पोरी."

"दुसरी तार आली व्हय?"

"न्हाई."

"मंग मला का न्हाई इचारलं?"

वहिनींनी पदराला बोटं पुसली, विजयाच्या हातातलं पेन घेतलं आणि सासऱ्यांच्या सहीखाली एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं. कागद परत आला तेव्हा विजया सवयीने मोठ्याने वाचायला गेली आणि पहिल्याच अक्षरावर थांबली. सौ. मनकर्णा सहादेव. जे नाव वहिनींनी कधी तोंडाने घेतलं नव्हतं, ते तिथे शाईत ओलं होतं.

वहिनींनी अर्धा कंदील उचलला, त्याला वर ओवायला भोक पाडलं.

"सुतळी द्या, मामा."

बाबा हलले नाहीत. वहिनींनीच वाकून सुतळीचं टोक धरलं आणि ओढलं. सुतळी ताणली गेली. दुसरं टोक बन्सीबाबांच्या मुठीतच होतं.