डावा डोळा

मोतीबिंदू काढलेल्या उजव्या डोळ्यावरची पट्टी सोडून हेस्टर स्टुडिओत आली आणि दारातच थबकली. भिंतीला टेकवलेली तिची अमूर्त चित्रं गडद निळी होती. गेली दहा वर्षं तिने कॉर्नवॉलचं पांढरं धुकं रंगवलं होतं. मोतीबिंदूमुळे निळा मिसळल्याशिवाय तिला पांढरा पिवळटच दिसायचा. तिने उजवा डोळा झाकला. धुकं परतलं. डावा झाकला. पुन्हा निळं. "जॅगो, हे पांढरं आहे ना रे?" नवरा हसला. "पांढरं? अगं, साठीपर्यंत कुत्रं विचारत नव्हतं तुला. या निळ्यामुळेच लंडनचे गॅलरीवाले दारात आले! शुक्रवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की रंगव अजून." शुक्रवारनंतर ते धुकं तिला दिसणार नव्हतं. तिने पट्टी पुन्हा उजव्या डोळ्यावर बांधली. "शुक्रवारचं रद्द कर," ती म्हणाली. "चित्रं डावा डोळा काढतो."