हिमायतनगरच्या चौकात एक स्कूटर

"कहां गई स्कूटर? चौरस्ते में फ्लॅट लेके बैठ गई क्या?" गाईड सरांनी विचारलं.

गिरीशच्या पीएचडीचं कॉम्प्युटर मॉडेल सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघून रहदारीचा अंदाज बांधायचं. चौकात किती गाड्या शिरल्या, किती बाहेर पडल्या, त्यावरून पुढं कुठं तुंबणार ते सांगायचं. आता ते शपथेवर सांगत होतं की हिमायतनगरच्या चौकात वर्षापूर्वी एक स्कूटर शिरली आणि अजून तिथंच आहे. इतक्यांदा सिग्नल हिरवा झाला, पण ती काही हलायला तयार नव्हती.

"सोमवार को सेमिनार है. पहले उसको घर भेजो," सर म्हणाले. "नहीं तो कॅन्सल."

काचीगुड्याला घरी येईपर्यंत गिरीशला कळून चुकलं होतं की स्कूटर कोणत्या दिवशी अडकली. त्या दिवसाची फाईल त्यानं स्वतः कधी उघडली नव्हती. चौकटी काढायचं काम बाबांकडे होतं.

काम सोपं होतं. चित्रणातल्या प्रत्येक गाडीभोवती माउसनं चौकट काढायची, कार, बस, ऑटो असं नाव द्यायचं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत चौकट तिच्यामागं सरकवत न्यायची. मॉडेल त्यावरून शिकतं. बाबांनी, म्हणजे रामचंद्ररावांनी, भूमापन खात्यात आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या होत्या. आता ऑटोंच्या आखत होते. ऑटो जास्त सरळ वागतात, असं त्यांचं मत होतं. विक्रम गेल्यापासून त्यांना दुपार खायला उठायची, म्हणून त्यांनी आपणहून हे काम मागून घेतलं होतं.

विक्रम गिरीशचा धाकटा भाऊ. लिबर्टी चौकाच्या पुढं एका चष्म्याच्या दुकानात कामाला होता. रोज सकाळी स्कूटरवरून हिमायतनगरचा चौक ओलांडून जायचा. त्या दिवशी चौकाच्या पलीकडं पाण्याच्या टँकरनं त्याला उडवलं.

दोघा भावांचं शेवटचं बोलणं फोनवर झालं होतं, त्याच सकाळी. गिरीश कॉलेजात पोहोचला होता आणि चार्जर घरी राहिला होता.

"विक्या, चार्जर आणून दे ना. प्रेझेंटेशन आहे रे."

"नक्को रे बाबा. लिबर्टीच्या पुढं आलो मी. आता कोण परत जातंय?"

"हौ, नको येऊ. मर तिकडं," असं म्हणून गिरीशनं फोन ठेवला होता.

हे शेवटचं बोलणं. माणूस निवडून थोडंच बोलतो.

गिरीशनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि चार्जर लावला. बॅटरी कधीच मेली होती. चार्जर काढला की लॅपटॉपही जागच्या जागी मरायचा. चार्जरला बाबांनी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. विक्रम गेला तेव्हा घरात माणसांची ही गर्दी. कुणाचा तरी पाय पडून फुटला, असं आई म्हणाली होती.

त्यानं फाईल उघडली. स्कूटर लगेच सापडली. आईनं, प्रमिलाबाईंनी, जुन्या पडद्याचं शिवलेलं, फुलाफुलांचं सीट कव्हर. असं दुसरं अख्ख्या हैदराबादेत नव्हतं, आणि नसावंच, असं विक्रम म्हणायचा. काचीगुड्याच्या बाजूनं स्कूटर चौकात आली. हँडल मोकळं होतं. चौकट तिच्यासोबत मधोमध आली आणि तिथं संपली. पुढं बाबांनी काढलीच नव्हती.

हजारो गाड्या बाबांनी एक न चुकता बाहेर काढल्या होत्या. एवढी एक त्यांच्या हातून निघाली नव्हती.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "विक्रमची स्कूटर तुम्ही चौकातच ठेवलीत."

रामचंद्रराव पेपरमागून म्हणाले, "एका स्कूटरनं काय होतंय?"

"सर सेमिनार होऊ देत नाहीत."

"मग तो अख्खा दिवसच काढून टाक. चौकट नसली की कॉम्प्युटरला काही दिसत नाही, असं तूच म्हणाला होतास ना? मग राहू दे तसंच."

प्रमिलाबाई चहा घेऊन आल्या. स्क्रीनवरचं सीट कव्हर बघून त्यांनी चहा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. "पुढच्या वर्षी कर की सेमिनार," त्या म्हणाल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरी सेमिनारची तारीख त्यांनीच सांगून ठेवली होती.

"आई, कधीतरी त्याला बाहेर काढायलाच हवं ना," गिरीश म्हणाला. "तुम्हाला जमत नसेल तर मी काढतो. मोठा भाऊ आहे मी."

त्यानं माउसला हात लावला, तसे रामचंद्रराव उठले, भिंतीशी गेले आणि त्यांनी चार्जरची पिन उपटली. स्क्रीन काळा झाला.

"बाबा!"

"बघू नकोस रे." त्यांचा आवाज फाटला होता. "माझं ऐक. बघू नकोस."

गिरीशनं त्यांच्या हातातून पिन अलगद सोडवून घेतली. ज्यांनी तो चार्जर स्वतः चिकटपट्टीनं जोडला होता, तेच बाबा आता ती सोडायला तयार नव्हते. त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. दुःख असं एकदा बघून टाकलं की हलकं होतं, असं त्याला वाटत होतं.

चौकाच्या मधोमध येऊन विक्रमनं स्कूटर कडेला घेतली. फोन हेल्मेटमध्ये खुपसला, मान हलवली, हसला. फोन खिशात गेला. सिग्नल हिरवा झाला आणि सगळ्या गाड्या लिबर्टीकडं सुटल्या.

फुलाफुलांची स्कूटर वळली आणि काचीगुड्याकडं परत गेली.

प्रमिलाबाई पदराआड तोंड करून आत गेल्या. चित्रण पुढं सरकत राहिलं. मग तीच स्कूटर पुन्हा चौकात शिरली आणि घाईनं सरळ निघून गेली. या खेपेला हँडलला एक पिशवी होती, आणि पिशवीतून चार्जरची वायर लोंबत होती.