दोन सेकंद

"दोन सेकंद. तेवढा वेळ कुणी हलायचं नाही," फोटोग्राफर स्वी लान म्हणाली.

पेनांगच्या त्या कुलमंदिरात पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर फ्लॅश चालत नसे. उजेड होता तो डावीकडच्या चौकातून येणारा, आणि तोही अकरापर्यंतच. कॅमेरा तिपाईवर होता; इतक्या कमी उजेडात शटर दोन सेकंद उघडं ठेवावं लागे. समोर पाच रांगांत चौऱ्याण्णव माणसं. मधल्या खुर्चीत नवे अध्यक्ष, 'दातो' हा सरकारी किताब मिळालेले बून तैक. बारा वर्षांतून एकदा असा फोटो निघे आणि कायमचा भिंतीवर चढे. या खुर्चीसाठी ते तीन निवडणुका लढले होते.

पहिला फोटो वाया गेला. शेजारी बसलेल्या माजी अध्यक्षांची खुर्ची आपल्यापेक्षा पुढे तर नाही ना, हे पाहायला दातोंनी मान वळवली होती.

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी ती खुर्ची मागे सरकवायला लावली, आणि मग ती मागेच आहे ना, हे पाहिलं.

पाच वर्षांची पोरं हलली नाहीत. नव्वदीची ग्वेक आत्या पुढच्या रांगेत दगडासारखी बसून होती.

"दातो, मान अवघडलीय का तुमची?" स्वी लानने विचारलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

चौकावर ढग आला. आतून नूडल्सचा वास येऊ लागला, तशा रांगा मोडल्या.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्र्याण्णव चेहरे स्वच्छ होते. मध्ये एक उंची सूट, आणि त्यावर भुरकट गोळा.

"माझा चेहरा दुसऱ्या फोटोतला लाव," दातो म्हणाले. "किताब मिळाला तेव्हाचा. त्यात मी बरा आलोय."

"त्यात उजेड उजवीकडून आहे. तो जुळवायला आठवडा लागेल."

"उजेड कोण बघतं, पोरी? लोक फोटोत स्वतःला बघतात. रविवारी भिंतीवर पाहिजे."

"म्हणजे फक्त चेहरा लावू?"

"फक्त चेहरा."

त्यांनी सांगितलं तेवढंच तिने केलं.

रविवारी फोटोवरचा पडदा सरला. टाळ्या झाल्या. दातोंनी ग्वेक आत्याला हाताला धरून भिंतीपाशी आणलं. तिने चष्मा पुसला आणि मधल्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं.

"तैक, हा मधला कोण रे?" तिने विचारलं. "बिचारा फोटोआधीच गेला वाटतं. गेलेल्यांचेच चेहरे असे मागाहून चिकटवतात."