साखरेचा थर

अंबाडी नाक्यावर उन्नती रिक्षातून उतरली आणि भोंग्यातून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणात औषध भरायचं, वर साखरेचा थर द्यायचा. शरीराची राखण करणाऱ्या पेशी तो थर ओळखतात आणि कण आपणहून गिळतात. क्षयाचे जंतू याच पेशींत दडून बसतात. औषध थेट तिथं पोचतं."

हे ती बोलली होती खरं, गेल्या महिन्यात, तिच्या संशोधनासाठी दिघाशीच्या शाळेत झालेल्या सत्काराला. पण पुढचं कापून टाकलं होतं. पुढे ती म्हणाली होती, की हे अजून प्रयोगशाळेतल्या उंदरांपुरतंच आहे. माणसांना मिळायला वर्षं लागतील, तोवर सरकारी गोळ्या एक दिवसही चुकवू नका.

भोंगा तिच्या चुलतभावाच्या, दीपेशच्या नव्या दुकानावर होता. पाटी होती 'नॅनो थेंब'. आत ही गर्दी! गल्ल्याशेजारी चाखायला उघडी वाटी ठेवली होती, वर माश्या. उन्नतीने बोट बुडवून चाटलं. साखरेचा पाक, तोही पातळ, आणि वेलचीचा वास.

"दीपेश, हे काय मांडलंयस?"

"ताई, तुझंच तर आहे! तू सायन्स केलंस, मी धंदा." तो गिऱ्हाइकांकडे वळला. "हीच आपली उन्नतीताई."

चार बायांनी लगेच हात जोडले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कोपऱ्यात कुणीतरी खोकलं. छातीच्या तळातून आलेला, ओला खोकला. खुर्चीवर हौसाकाकी बसली होती, दीपेशची सख्खी आई. गळ्याची हाडं वर आलेली.

"काकी, टीबीच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"सोडल्या गो बाय. निस्त्या उलट्या व्हायच्या. ह्ये कसं ग्वाड हाय."

उन्नतीने दीपेशला दंडाला धरून मागच्या खोलीत ओढलं.

"स्वतःच्या आईला? मरेल ती!"

"हळू बोल." त्याने आधी बाहेर पाहिलं. "आईच घेतेय हे दिसलं, की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो."

त्याच्या तोंडाकडे बघायचीही तिला किळस आली. दर भाऊबीजेला याच तोंडाला ती ओवाळत आली होती. ती तडक बाहेर आली आणि काकीपुढे उकिडवी बसली.

"काकी, ऐक माझं. हे औषध नाही. निव्वळ साखरेचं पाणी आहे. चल माझ्याबरोबर दवाखान्यात, गोळ्या पुन्हा सुरू करू."

हौसाकाकी खुर्चीत सरळ बसली.

"माज्या पोराचा धंदा बुडवाला आलीस काय गो?"

तिने कमरेला खोचलेली थेंबांची बाटली काढली, झाकण उघडून दोन थेंब जिभेवर सोडले. बाटलीवर उन्नतीचा फोटो होता, खांद्यावर शाल, हातात नारळ. त्यावर आलेला चिकट ओघळ काकीने पदराने हलकेच पुसला, गालावरून, कपाळावरून.

"ही माजी उन्नती," फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली, "कदी खोटं न्हाय बोलायची."